शर्यत समुद्रावरची, पराभव तिजोरीतला : ब्रिटन-जर्मनी नौदल स्पर्धा, १८९८-१९१४

१/
जर्मनीत आजही ‘झेक्ट’ या फसफसणाऱ्या वाइनवर एक स्वतंत्र कर आकारला जातो. हा कर १९०२ साली लागू झाला, तो कैसर दुसरा विल्हेल्म याच्या आरमाराच्या खर्चाला हातभार लागावा म्हणून. १९३३ साली तो रद्द झाला, १९३९ साली परत आला आणि कायमचा राहिला. ज्या आरमारासाठी तो बसवला, त्याची सर्वांत मोठी व नवी जहाजे मात्र १९१९ सालीच समुद्राच्या तळाशी गेली होती.

जगातील सर्वांत बलाढ्य नौदलाशी टक्कर घ्यायला निघालेले साम्राज्य वाइनच्या बाटल्यांवर कर का बसवते? आजचा धागा या प्रश्नाविषयी आहे.

२/
ब्रिटन-जर्मनी नौदल स्पर्धेची कथा बहुधा पोलाद, तोफा आणि टनांच्या भाषेत सांगितली जाते. कोणाकडे किती जहाजे, कोणत्या जहाजावर किती इंची तोफा, कोणाचा वेग किती. ही माहिती आवश्यकच आहे. परंतु तिच्यातून एक कोडे सुटत नाही. १९१३ साली जर्मनीचे पोलाद-उत्पादन ब्रिटनच्या दुपटीहून अधिक होते. तरीही त्या वर्षापर्यंत जर्मनी ही शर्यत जवळजवळ हरलेली होती.

माझे म्हणणे असे की, या शर्यतीचा निकाल गोदीत लागला नाही, तो कोषागारात लागला. अधिक पोलाद कोण ओततो यापेक्षा स्वतःच्या श्रीमंतांकडून कर कोण वसूल करू शकतो, हा प्रश्न अखेरीस मोठा ठरला.

३/
प्रथम ब्रिटनची स्थिती पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या बेटाला लागणाऱ्या गव्हाचा फार मोठा हिस्सा समुद्रमार्गे येत असे. सागरी मार्ग तुटला, तर काही महिन्यांत उपासमार ओढवली असती. म्हणून ब्रिटनसाठी नौदल ही हौस नव्हती, पोटाचा प्रश्न होता.

१८८९ साली ब्रिटिश संसदेने नौदल संरक्षण कायदा केला आणि एक मापदंड ठरवला. ब्रिटननंतरच्या दोन सर्वांत मोठ्या नौदलांची एकत्रित ताकद जेवढी, तेवढी ताकद एकट्या ब्रिटनकडे असली पाहिजे. तेव्हा मनात होते ते फ्रान्स आणि रशिया. जर्मनीचा विचारही कोणी केला नव्हता.

४/
जर्मनी ही भूसेनेची सत्ता होती. १८७१ मध्ये तिचे एकीकरण झाले ते प्रशियाच्या पायदळाच्या बळावर. १८८८ साली गादीवर आलेल्या कैसर दुसऱ्या विल्हेल्मला मात्र समुद्राचे वेड होते. तो राणी व्हिक्टोरियाचा नातू. आजीच्या देशाचे आरमार त्याने लहानपणापासून पाहिले होते. त्याचे कौतुक आणि मत्सर ही दोन्ही त्याच्या मनात एकत्र नांदत.

अमेरिकन नौदल अधिकारी आल्फ्रेड मॅहन याचा सागरी सत्तेच्या प्रभावावरील ग्रंथ १८९० मध्ये प्रसिद्ध झाला होता. कैसर त्या ग्रंथाने भारावून गेला. महान राष्ट्र व्हायचे, तर समुद्रावर सत्ता हवी, हा त्याने काढलेला अर्थ.

५/
या वेडाला योजनेचे रूप दिले आल्फ्रेड टिर्पिट्झ याने. जून १८९७ मध्ये तो जर्मन नौदल कार्यालयाचा प्रमुख झाला. टिर्पिट्झ केवळ दर्यावर्दी नव्हता. राइशस्टागमधील, म्हणजे जर्मन संसदेतील, मतांची जुळवाजुळव करणारा तो कुशल राजकारणी होता.

त्याचा सिद्धान्त ‘जोखमीचा सिद्धान्त’ म्हणून ओळखला जातो. जर्मनीला ब्रिटनइतके मोठे आरमार बांधण्याची गरज नाही. एवढेच मोठे बांधायचे की, त्याच्याशी लढून ब्रिटन जिंकला तरी इतका दुबळा होईल की अन्य शत्रूंपुढे उघडा पडेल. ही जोखीम ब्रिटन घेणार नाही, आणि मग जर्मनीशी सलोख्याने वागेल.

६/
कागदावर हा विचार देखणा होता. पण तो तीन गृहीतकांवर उभा होता. पहिले, ब्रिटन फ्रान्स व रशियाशी कधीच जुळवून घेणार नाही. दुसरे, युद्ध झालेच तर ब्रिटिश आरमार जर्मन किनाऱ्याजवळ येऊन नाकेबंदी करील, आणि तेथे त्याला गाठता येईल. तिसरे, जर्मनी जहाजे बांधत असताना ब्रिटन खर्चाला घाबरून मागे पडेल.

पुढील पंधरा वर्षांत तिन्ही गृहीतके कोसळली. त्यांतील तिसरे कसे कोसळले, ते सर्वांत कमी सांगितले जाते.

७/
मार्च १८९८ मध्ये राइशस्टागने पहिला नौदल कायदा संमत केला. त्यानुसार १९ बॅटलशिप्स, म्हणजे जाड पोलादी चिलखताच्या आणि अवजड तोफांच्या सर्वांत मोठ्या युद्धनौका, असलेले आरमार ठरले. दोनच वर्षांत दुसरे बोअर युद्ध सुरू असताना ब्रिटिशांनी ‘बुंडेसराट’ हे जर्मन टपाल जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ अडवले. जर्मनीत संताप उसळला आणि टिर्पिट्झने संधी साधली. जून १९०० च्या दुसऱ्या कायद्याने १९ चा आकडा ३८ वर गेला.

लोकमत तयार करण्यासाठी १८९८ मध्येच नौदल संघ स्थापन झाला होता. पाहता पाहता त्याच्याशी जोडलेल्यांची संख्या दहा लाखांच्या घरात पोहोचली.

८/
या कायद्यांची रचना नीट पाहण्यासारखी आहे. राइशस्टागचे खरे बळ म्हणजे दरवर्षीचा अर्थसंकल्प. टिर्पिट्झला तेच नको होते. म्हणून त्याने कायद्यात पैसे न लिहिता जहाजांची संख्या लिहिली, आणि प्रत्येक जहाज किती वर्षांनी बदलायचे हेही लिहून ठेवले. एकदा कायदा झाला की जुने जहाज निवृत्त होताच नवे बांधणे बंधनकारक. त्याचे अंतिम स्वप्न होते ६० मोठ्या जहाजांचे. प्रत्येकाचे आयुष्य २० वर्षे धरल्यास दरवर्षी तीन जहाजे आपोआप बांधली जातील. संसदेला कायमचे विचारायलाच नको.

संख्या कायद्याने बांधता येते. किंमत बांधता येत नाही. टिर्पिट्झची फट येथेच होती.

९/
आता तिजोरीकडे वळू. १८७१ चे जर्मन साम्राज्य हे राज्यांचे संघराज्य होते. प्राप्तिकरासारखे प्रत्यक्ष कर राज्यांच्या हाती राहिले. साम्राज्याच्या वाट्याला आले सीमाशुल्क, वस्तूंवरील अबकारी कर आणि राज्यांकडून मिळणारा हिस्सा. म्हणजे आरमार, सैन्य आणि वसाहती यांचा भार साम्राज्यावर. आणि धनिकांच्या उत्पन्नावर व मालमत्तेवर हक्क मात्र प्रशिया, बव्हेरिया यांसारख्या राज्यांचा.

त्यातही प्रशियाच्या विधिमंडळात मताचे वजन भरलेल्या करावर ठरत असे. त्यामुळे तेथे बड्या जमीनदारांचे वर्चस्व होते. स्वतःवर कर लादून घेण्याची त्यांची तयारी नव्हती.

१०/
मग पैसा कोठून यायचा? पूर्व प्रशियाच्या जमीनदारांना आरमाराचे काडीचेही प्रेम नव्हते. आरमार ही कारखानदारांची व शहरी मध्यमवर्गाची आवड. १९०२ साली परदेशी धान्यावरील जकात वाढवण्यात आली. एकार्ट केर या जर्मन इतिहासकारांनी १९३० साली मांडले की, हा एक सौदाच होता : कारखानदारांना आरमार, जमीनदारांना धान्याचे चढे भाव. केर यांच्या मांडणीतील प्रत्येक दुवा आज मान्य केला जात नाही, पण तिचा गाभा टिकून आहे.

या सौद्याचे बिल कोणी भरले? पाव विकत घेणाऱ्या कामगाराने. त्याला बरोबरी म्हणून श्रीमंतांच्या मेजावरील झेक्टवरही कर आला. पण बाटल्यांच्या बुचांतून बॅटलशिप्स निघत नाहीत.

११/
इकडे लंडनमध्ये काय चालले होते? ब्रिटनने पहिले गृहीतक मोडून काढले. १९०२ मध्ये जपानशी करार, १९०४ मध्ये फ्रान्सशी समझोता, १९०७ मध्ये रशियाशी करार. या शेवटच्या कराराचा विषय होता इराण, अफगाणिस्तान आणि तिबेट. म्हणजे हिंदुस्थानची सीमा. खैबर खिंडीपलीकडच्या रशियाची धास्ती बाळगत एक शतक घालवलेल्या ब्रिटनने ती बाजूला ठेवली, यात अन्य कारणांबरोबर उत्तर समुद्रातील जर्मन आरमाराचाही वाटा होता.

जपानच्या मैत्रीमुळे चीनच्या किनाऱ्यावरील पाच बॅटलशिप्स १९०५ मध्ये मायदेशी परतल्या. ज्या आरमाराने ब्रिटनला नमवायचे होते, त्याने ब्रिटनला मित्र मिळवून दिले.

१२/
ऑक्टोबर १९०४ मध्ये ब्रिटिश नौदलाची सूत्रे जॉन फिशर याच्या हाती आली. तऱ्हेवाईक, भांडखोर आणि विलक्षण कल्पक माणूस. त्याने १५४ जुनी जहाजे एका फटक्यात सेवेतून काढली. त्यांच्यावरील खलाशी नव्या जहाजांसाठी मोकळे झाले आणि खर्चही वाचला.

नंतर त्याने पोर्ट्समथच्या गोदीत एक जहाज बांधायला घेतले. २ ऑक्टोबर १९०५ रोजी कणा बसवला, १० फेब्रुवारी १९०६ रोजी जहाज पाण्यात उतरले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ते नौदलात दाखल झाले. नाव : ड्रेडनॉट.

१३/
तोवरच्या बॅटलशिप्सवर साधारणपणे चार अवजड तोफा असत. ड्रेडनॉटवर १२ इंची दहा तोफा होत्या. बॅटलशिपवर प्रथमच वाफेची टर्बाइन इंजिने बसवल्याने तिचा वेग २१ नॉट होता. तिच्याआधीच्या जहाजांचा सुमारे १८. ती दाखल झाली त्या दिवशी जगातील प्रत्येक बॅटलशिप जुनी झाली.

आणि त्यात ब्रिटनच्या स्वतःच्या बॅटलशिप्सही आल्या! फिशरच्या टीकाकारांचा हाच आक्षेप होता. जुन्या जहाजांतील प्रचंड आघाडी आपणच पुसून टाकली आणि जर्मनीला शून्यापासून बरोबरीने धावण्याची संधी दिली, असे ते म्हणत. हा आक्षेप वाजवी होता. पण त्याची दुसरी बाजू बर्लिनमध्ये उघड झाली.

१४/
ड्रेडनॉटपूर्वीच्या अखेरच्या मालिकेतील ‘डॉइचलांट’ या जर्मन बॅटलशिपला सुमारे २.४ कोटी मार्क खर्च आला होता. जर्मनीची पहिली ड्रेडनॉट-वर्गीय बॅटलशिप ‘नासाउ’ हिला सुमारे ३.७ कोटी मार्क लागले. त्याशिवाय उत्तर समुद्र आणि बाल्टिक समुद्र जोडणारा कीलचा कालवा, जो १८९५ मध्येच खुला झाला होता, या रुंद जहाजांसाठी पुन्हा खोदणे भाग पडले. बंदरे, धक्के, गोद्या, सर्वच वाढवावे लागले.

कायद्यातील संख्या तीच, किंमत दीडपट. टिर्पिट्झने संसदेला बांधण्यासाठी विणलेल्या जाळ्यात आता तोच अडकला. संख्या कमी केली, तर कायदा मोडतो. संख्या राखली, तर तिजोरी.

१५/
टिर्पिट्झने माघार घेतली नाही. १९०८ च्या दुरुस्तीने जहाजांचे आयुष्य २५ ऐवजी २० वर्षे धरले गेले आणि १९११ पर्यंत दरवर्षी चार मोठी जहाजे बांधण्याचे ठरले. ही बातमी लंडनला पोहोचली. जर्मनी गुपचूप आणखी वेगाने बांधत आहे, अशी शंका पसरली. ब्रिटिश सभागृहात १९१२ मधील जर्मन ड्रेडनॉट्सचे जे आकडे मांडले गेले, ते पुढे खूप फुगवलेले ठरले. पण १९०९ च्या वसंतात ते कोणाला ठाऊक असणार?

वृत्तपत्रे, सभा, संगीत-नाट्यगृहे यांतून एकच मागणी घुमू लागली : आठ जहाजे हवीत, आणि आत्ताच हवीत.

१६/
सरकार लिबरल पक्षाचे होते. त्याने १९०८ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या गरीब वृद्धांसाठी निवृत्तिवेतनाचा कायदा केला होता आणि १ जानेवारी १९०९ पासून ते मिळूही लागले होते. अर्थमंत्री लॉइड जॉर्ज आणि व्यापारमंत्री विन्स्टन चर्चिल यांना जहाजांपेक्षा वृद्धांचे वेतन जवळचे होते. चर्चिल तेव्हा नौदलाच्या वाढीव खर्चाचा विरोधक होता, हे वाचून आज आश्चर्य वाटते.

नौदलाने सहा जहाजे मागितली. हे दोघे चारवर अडून बसले. तडजोड झाली ती अशी : चार ताबडतोब, आणि गरज दिसल्यास आणखी चार. जुलैमध्ये ती चारही मंजूर झाली. सहा आणि चार यांचा मध्य आठ निघाला!

१७/
वृद्धांचे वेतनही द्यायचे आणि आठ ड्रेडनॉट्सही बांधायच्या. तूट होती सुमारे १.६ कोटी पौंडांची. २९ एप्रिल १९०९ रोजी लॉइड जॉर्जने जो अर्थसंकल्प मांडला, तो ‘जनतेचा अर्थसंकल्प’ म्हणून इतिहासात नोंदला गेला. मोठ्या उत्पन्नांवर चढा प्राप्तिकर, ५,००० पौंडांहून अधिक उत्पन्नावर अधिभार, वारसा करात वाढ आणि जमिनीच्या वाढत्या किमतीवर नवा कर.

बडे जमीनदार चवताळले. ऑक्टोबरमध्ये न्यूकॅसलच्या सभेत लॉइड जॉर्जने टोला हाणला : एक ड्यूक पोसायला दोन ड्रेडनॉट्सइतका खर्च येतो, दहशत तेवढीच, आणि ड्यूक टिकतो अधिक काळ.

१८/
३० नोव्हेंबर १९०९ रोजी उमरावांच्या सभागृहाने, हाउस ऑफ लॉर्ड्सने, हा अर्थसंकल्प ३५० विरुद्ध ७५ मतांनी फेटाळला. म्हणजे ब्रिटनमधील श्रीमंत काही अधिक उदार होते असे मुळीच नाही. त्यांनीही प्राणपणाने विरोध केला.

फरक पुढे दिसला. सरकारने जानेवारी १९१० मध्ये निवडणूक घेतली, बहुमत घटले तरी सत्ता राखली आणि एप्रिलमध्ये उमरावांना तोच अर्थसंकल्प संमत करावा लागला. डिसेंबरात पुन्हा निवडणूक झाली. ऑगस्ट १९११ च्या संसद कायद्याने आर्थिक विधेयके रोखून धरण्याचा उमरावांचा अधिकारच गेला. ब्रिटिश व्यवस्थेत श्रीमंतांचा नकार मोडून काढण्याची एक वाट होती. ती वाट मतपेटीतून जात होती.

१९/
त्याच उन्हाळ्यात बर्लिनमध्ये हाच प्रयोग झाला. साम्राज्यावरील कर्ज वाढत चालले होते आणि दरवर्षी सुमारे ५० कोटी मार्कांचे नवे उत्पन्न हवे होते. चान्सलर ब्यूलो याने त्यांतील सुमारे पंचमांश रक्कम वारसा करातून उभारण्याचे सुचवले. तोवर पत्नी आणि मुले यांना या करातून सूट होती. ती आता जाणार होती.

जून १९०९ मध्ये जमीनदारांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाने आणि कॅथलिक सेंटर पक्षाने मिळून ही सूचना पाडली. फरक अवघ्या आठ मतांचा. जुलैमध्ये ब्यूलो पायउतार झाला. त्याच्या जागी बेथमान हॉलवेग आला. तूट भरून काढण्यासाठी बिअर, ब्रँडी, तंबाखू, काड्यापेट्या आणि विजेचे दिवे यांवर कर बसले.

२०/
दोन्ही दृश्ये शेजारी ठेवून पाहा. एकच वर्ष, एकच कारण, एकच उपाय : मोठ्या मालमत्तेवर कर. लंडनमध्ये उमराव हरले आणि जहाजे बांधली गेली. बर्लिनमध्ये जमीनदार जिंकले आणि काड्यापेटी महागली.

गंमत अशी की जर्मनीतील हेच जमीनदार राष्ट्रगौरवाच्या गोष्टी सर्वांत मोठ्या आवाजात बोलत. आणि जर्मन कामगारांना हे दिसत होते. जानेवारी १९१२ च्या निवडणुकीत समाजवादी लोकशाहीवादी पक्ष ११० जागा जिंकून राइशस्टागमधील सर्वांत मोठा पक्ष झाला. महागाई आणि कर हे त्या निवडणुकीतील मोठे मुद्दे होते. ज्या आरमाराने राष्ट्राला कैसरभोवती एकत्र आणायचे, त्याच्या बिलाने राष्ट्र दुभंगले.

२१/
फेब्रुवारी १९१२ मध्ये ब्रिटिश युद्धमंत्री हॉल्डेन बर्लिनला गेला. शर्यत थांबवण्याची ही शेवटची मोठी संधी होती. जर्मनीला जहाजे कमी करण्याच्या बदल्यात हवे होते ब्रिटनच्या तटस्थतेचे वचन. फ्रान्सला एकटे पाडणारे वचन ब्रिटन देणार नव्हता. बोलणी फिसकटली आणि जर्मनीने आणखी तीन बॅटलशिप्सची भर घालणारी दुरुस्ती केली.

चर्चिल आता नौदलमंत्री झाला होता आणि त्याचे मतही पालटले होते. त्याने जाहीर केले की, ड्रेडनॉट्सच्या बाबतीत ब्रिटन जर्मनीहून ६० टक्के पुढे राहील. जर्मनीने वाढवले, तर आपणही त्या प्रमाणात वाढवू. टिर्पिट्झचे कायदे छापील आणि सार्वजनिक होते; मोजणे सोपे होते.

२२/
शर्यत संपली ती जर्मन भूसेनेमुळे. बाल्कन युद्धांनी तुर्की सत्तेची युरोपातून जवळजवळ हकालपट्टी केली, जपानी युद्धात मार खाल्लेला रशिया पुन्हा उभा राहत होता. १९१३ मध्ये जर्मनीने भूसेनेत एक लाखाहून अधिक सैनिकांची वाढ केली. त्यासाठी अखेर श्रीमंतांच्या मालमत्तेवर एकदाच घ्यावयाचा सुमारे एक अब्ज मार्कांचा कर बसला. विशेष म्हणजे समाजवाद्यांनी या कराच्या बाजूने मत दिले. सैन्य त्यांना नको होते, पण कर गरिबांवर पडणार नाही हे हवे होते.

तिजोरीचे कुलूप उघडले, पण आरमारासाठी नव्हे. फेब्रुवारी १९१३ मध्ये टिर्पिट्झने १६ ला १० हे ब्रिटनच्या बाजूचे प्रमाण आपल्याला चालेल, असे सांगून टाकले. ही पराभवाची कबुलीच होती.

२३/
जून १९१४ च्या अखेरीस रुंद केलेला कीलचा कालवा खुला झाला. सोहळ्याच्या सप्ताहात ब्रिटिश ड्रेडनॉट्सचा ताफा पाहुणा म्हणून कीलच्या बंदरात उभा होता. दोन्ही देशांचे खलाशी एकमेकांच्या जहाजांवर जात-येत होते. २८ जून रोजी कैसर आपल्या शिडाच्या नौकेवर शर्यतीत असताना साराजेव्होमधील हत्येची बातमी त्याला मिळाली.

महायुद्धाची ठिणगी नौदल स्पर्धेतून पडली नाही, हे खरे. पण १९१२ पासून ब्रिटनने आपले बळ उत्तर समुद्रात आणि फ्रान्सने आपले भूमध्य समुद्रात एकवटले होते. त्यामुळे फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्याचे रक्षण करणे ब्रिटनला नैतिक बंधन वाटू लागले. २ ऑगस्ट १९१४ रोजी ब्रिटिश मंत्रिमंडळाने ते मान्य केले. ज्याला तटस्थ ठेवायचे होते, तो शत्रू म्हणून उभा ठाकला.

२४/
युद्ध सुरू झाले तेव्हा ड्रेडनॉट-वर्गीय बॅटलशिप्स आणि बॅटलक्रूझर्स मिळून ब्रिटनकडे २९, जर्मनीकडे १७. ब्रिटनने जर्मन किनाऱ्याजवळ नाकेबंदी केलीच नाही. त्याने इंग्लिश खाडी आणि स्कॉटलंड-नॉर्वेमधील समुद्र लांबूनच बंद केला. टिर्पिट्झचे दुसरे गृहीतकही गेले.

आपल्याकडे या युद्धाचा धक्का बसला तो २२ सप्टेंबर १९१४ रोजी. ‘एमडेन’ या जर्मन क्रूझरने मद्रासवर तोफा डागून तेलाच्या टाक्या पेटवल्या. तमिळ बोलीत ‘एमडन’ हा शब्द बिलंदर माणसासाठी आजही वापरला जातो. ही हलकी, एकटी क्रूझर नोव्हेंबरात नष्ट झाली. पण तोवर तिने कोट्यवधी मार्कांच्या बॅटलशिप्सहून अधिक धास्ती निर्माण केली होती.

२५/
त्या बॅटलशिप्स बहुतांश काळ बंदरातच होत्या. दोन्ही आरमारांची मोठी गाठ पडली ती एकदाच, ३१ मे १९१६ रोजी जटलंडच्या समुद्रात. ब्रिटनची १४ जहाजे आणि ६,००० हून अधिक माणसे गेली. जर्मनीची ११ जहाजे आणि २,५०० हून अधिक माणसे. आकड्यांत जर्मनी सरस ठरली, पण नाकेबंदी तसूभरही हलली नाही. जर्मनीत अन्नटंचाई वाढत गेली.

१९१७ मध्ये जर्मनीने पाणबुड्यांचे निर्बंधमुक्त युद्ध पुकारले. ब्रिटन काही काळ खरोखर हादरला, परंतु अमेरिका युद्धात उतरली. वीस वर्षे ज्या बॅटलशिप्सवर धन ओतले, त्या मागे पडल्या. स्वस्त पाणबुडीवर सारी भिस्त आली.

२६/
ऑक्टोबर १९१८. युद्ध हरल्यातच जमा होते. जर्मन नौदलाच्या वरिष्ठांनी अब्रूसाठी एका शेवटच्या लढाईचा हुकूम काढला. ‘ट्युरिंगेन’ आणि ‘हेल्गोलांट’ या बॅटलशिप्सवरील भट्टीवाल्यांनी बॉयलर विझवून टाकले. ४ नोव्हेंबरपर्यंत कील शहर बंडखोर खलाशांच्या आणि कामगारांच्या हाती होते. ९ नोव्हेंबरला कैसरची गादी गेली.

नजरकैदेत असलेले आरमार २१ जून १९१९ रोजी स्कॉटलंडजवळच्या स्कापा फ्लो येथे जर्मन खलाशांनीच बुडवले. ७४ जहाजांपैकी ५२ तळाशी गेली.

२७/
एक आक्षेप रास्त आहे. जर्मनीची अडचण केवळ कराची नव्हती. दोन बाजूंना शत्रू असलेल्या देशाला भूसेना टाळता येत नाही, आणि ब्रिटन नेमका जर्मनीच्या समुद्रवाटेत आडवा पडलेला आहे. पॉल केनेडी यांच्यासारख्या इतिहासकारांनी या भूगोलाला मोठे महत्त्व दिले आहे. भूगोल बदलता येत नाही, हे मान्य. पण भूगोल ठाऊक असूनही ती शर्यत लावणे आणि तिचा भार पाव-बिअर-काड्यापेटीवर टाकणे, हे निर्णय माणसांचे होते.

२८/
आजही सागरी सत्तांच्या चर्चेत प्रथम जहाजे मोजली जातात. जरूर मोजावीत. पण त्यासोबत आणखी तीन प्रश्न विचारावेत. या जहाजांचा पैसा कोणाच्या खिशातून येतो? ज्यांच्याकडे सर्वाधिक आहे, त्यांना ‘नाही’ म्हणण्याची मुभा आहे का? आणि त्या जहाजांच्या पोटात कोळसा ओढणाऱ्या माणसाला ते राष्ट्र आपले वाटते का?

टिर्पिट्झकडे पहिल्या प्रश्नाचे उत्तर अपुरे होते, दुसऱ्याचे त्याने टाळले. तिसऱ्याचे उत्तर त्याला भट्टीवाल्यांनी दिले.

पुढील धाग्यात १९२२ चा वॉशिंग्टन करार : विजेत्यांनी स्वतःहून आपली जहाजे भंगारात काढली, त्याची गोष्ट. प्रश्न, शंका आणि मतभेद खाली जरूर लिहा.